चौथा खांब कोणी रोवला

मी, खाली सही करणारा नालबंद, वय अठ्ठ्याहत्तर, शुद्धीवर असून व कोणाच्याही दडपणाखाली नसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मुलगी दारातून दोनदा ‘बाबा, आटपा’ म्हणून गेली. ते दडपण धरू नये.

१. घर, दुकान, ऐरण, भाता आणि सगळे हातोडे मुलीला. ती माझ्यापेक्षा चांगली नाल ठोकते. हे तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे कायदेशीर करून टाकतो.

२. समोरच्या औषधवाल्याने वीस वर्षं माझ्या खांबाला सायकल बांधली आणि घोडे सीट चावतात म्हणून वर माझ्याशीच भांडला. चावलेल्या तीन सीट मी जपून ठेवल्या आहेत. त्या त्याला सन्मानाने परत कराव्यात.

३. दुकानापुढचे घोडे बांधायचे पाच खांब मुलीने काढू नयेत, घोडे कितीही कमी होवोत. हे खांब आम्ही दोघा भावांनी रोवले. खांबाचा तिसरा हिस्सा जमिनीत आणि भोवती दगड ठासलेले, हा आमच्या बाबांचा नियम. चौथ्याच्या वेळी मला मित्राच्या लग्नाला जायची घाई होती. मी वीतभर खणलं, दगड घातलेच नाहीत, वरून माती सारखी केली. चार दिवसांनी दूधवाल्याची घोडी बिथरली आणि खांब उपटून बाजारभर धावली. कोणाला लागलं नाही, पण दूध मात्र गटारापर्यंत गेलं. बाबांनी विचारलं, हा कोणी रोवला? मी धाकट्याकडे बोट दाखवलं. तो गप्प राहिला. बाबांनी त्याला दुकानातून काढून शिंप्याकडे बसवलं. बावन्न वर्षं त्याने शिवलेले सदरे घालतो आणि दर वेळी मला लाज वाटते. मी चुकलो.

त्याच्या नावे काहीच ठेवत नाही. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. सही करायची तर त्याला हे कलम वाचावंच लागेल.

ठिकाण: दुकानाचा ओटा. दिनांक: ३ फेब्रुवारी, सकाळी.
सही: नालबंद

साक्षीदार १: जनावरांचे डॉक्टर. (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ, शिंपी. कलम तीन वाचलं. दादा, मला घोड्यांची भयंकर भीती वाटायची आणि ते बाबांना सांगायची हिंमत नव्हती. तू बोट दाखवलंस तेव्हा मी सुटलो. म्हणून गप्प राहिलो. (सही)