आईचे गुडघे

शनिवार संध्याकाळ, घरी, नोव्हाय

आयर्लंडहून परतून दोन दिवस झाले, तरी डोक्यातून जात नाही. समुद्रकाठच्या त्या हॉटेलसमोर सगळी पोरं पाण्यात धावली. पुतणी ओरडली, "आजी, कम ऑन!" आईने लगेच साडी वर खोचली. ती ओल्या साडीने लॉबीतून जाईल, लोक बघतील, म्हणून मी पटकन म्हणालो, "नको, तिचे गुडघे दुखतात." आईचे गुडघे कधीच दुखत नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि साडी खाली सोडली. तिथे आम्हाला ओळखत तरी कोण होतं?

आज ती फोनवर मावशीला सांगत होती, "गुडघ्यांमुळे मीच नाही गं उतरले. पण धाकट्याने समुद्र दाखवला हो मला!"

दाखवला. लांबून.