तू न लपवलेली गोष्ट

प्रिय उचापतीबाई,

आज तुम्ही पाच वर्षांच्या झालात, अभिनंदन! आई हे वाचून दाखवेल तेव्हा कागद ओढायचा नाही. मीच बोललो असतो गं, पण घशाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मला चकार शब्दही काढायला बंदी केली आहे. उद्या ऑपरेशन. तू उठशील तेव्हा मी आत्याबरोबर दवाखान्यात गेलेलो असेन.

तुझ्या बापाचं पोट आवाजावर. बसस्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायच्या. एकदा तुला तिथे नेलं आणि मी पाणी प्यायला वळलो, तेवढ्यात तू माइक धरून साऱ्या स्टँडला सांगितलंस, की माझे बाबा फलाट क्रमांक तीनवर लागले आहेत, लवकर चढा! साहेब माझ्यावर डोळे वटारून गेले, पण जिन्यात त्यांना हसताना मी ऐकलं.

घरात तर तू काही म्हणजे काही जागेवर ठेवत नाहीस. माझा चष्मा पिठाच्या डब्यात, कपाटाची किल्ली बुटात. मग मी स्टँडवरच्या आवाजात पुकारायचो, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, चष्मा हरवला आहे. की तू दाराआडून खिदळायचीस आणि पकडली जायचीस. हा आपला रोजचा खेळ.

आज केक आला. सगळे गात होते, मी नुसते ओठ हलवत होतो. तू मेणबत्तीकडे बघतच नव्हतीस, माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मग धावत आत गेलीस आणि फ्रॉकचा ओचा भरून आणलास. किल्ली, आत्याची पिन, माझा एक मोजा, आईचं अंगठ्याएवढं घड्याळ. सगळं माझ्यापुढे ओतलंस आणि उभी राहिलीस. चोर स्वतःहून हजर झाला म्हणून आम्ही पोट धरून हसलो. तू हसली नाहीस. केकही खाल्ला नाहीस.

दुपारी तू कुशीत रडत रडत आईला सांगितलंस, ते तिने मला सांगितलं. मागे आत्या थट्टेत म्हणाली होती, बाबांचा आवाजही या चोरटीनेच लपवला असेल. ती बिचारी सहज बोलून गेली, तिच्यावर राग धरू नकोस. पण तुला ते खरंच वाटलं. पलंगाखाली, डब्यांत, बुटांत, तू सगळीकडे शोधलंस. कुठे ठेवला तेच आठवत नाही, म्हणालीस. माझ्या काळजाचं पाणी झालं गं.

म्हणून हे लिहायला बसलो. बाळा, माझा आवाज तू लपवलेला नाहीस. माझ्या घशात एक वाईट गाठ आली आहे. ती काढताना डॉक्टरांना आवाजही काढावा लागणार आहे, आणि तो परत यायचा नाही. मला फार भीती वाटते आहे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण तू आता शोधू नकोस. तुझं एकच काम. मी घरी येईन तेव्हा माझा चष्मा जागेवर दिसता कामा नये. मी दोनदा टाळी वाजवीन. टाळी ऐकलीस की दाराआड नेहमीसारखी खिदळ, म्हणजे मी तुला पकडेन.

तुझाच,
फलाट क्रमांक तीनवरचा बाबा