लाल झग्याची पट्टी

माँपेलिए, १२ जून १८५३

प्रिय फुल्क्रां मामा,

आज मी डॉक्टर झालो! "जुन्या पोथ्या चाळून कुणाचा ताप उतरत नाही," असं तुम्ही जन्मभर ऐकवलंत. मी प्रबंध लिहिला तो नेमका पाचशे वर्षांपूर्वीच्या शल्यवैद्यांच्या टाक्यांवर.

परीक्षेला तोच पिढीजात लाल झगा घातला, जो तुम्हीही घातला होतात. प्रत्येक नवा डॉक्टर आठवण म्हणून त्याची पट्टी कापून नेतो, त्यामुळे आता तो जेमतेम गुडघ्यापर्यंत येतो.

म्हातारे परीक्षक वेर्न्याक हसत म्हणाले, "काय हो इझिदोर, तुमचा हा टाका पोथीबाहेर टिकतो का?"

मी खिशातून एक लाल पट्टी काढली आणि सगळ्यांदेखत त्याच टाक्याने झग्याला शिवली. "ओढा आता!" म्हटलं. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी हिसका दिला. शेजारचं कापड टर्रकन फाटलं, पण माझा टाका ढिम्म हलला नाही. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

वेर्न्याकनी स्वतःच कात्री पुढे केली. "घ्या डॉक्टर, तुमची पट्टी."

"नको. मी परत द्यायला आलोय, न्यायला नाही."

मामा, मी शिवलेली ती पट्टी तुमची होती. तुम्ही तीस वर्षं काचेच्या डबीत जपलेली. ईस्टरला तुमच्याकडे आलो तेव्हा मीच ढापली. मांजराला उगाच शिव्या देऊ नका.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. टाकलं, तर तुमच्या सेत गावाहून पहिल्याच आगगाडीने कात्री घेऊन याल. आलात तर या खुशाल! माझा टाका तुमच्याने उसवायचा नाही.

तुमचा पोथ्या चाळणारा भाचा,
डॉक्टर इझिदोर