मोहोळ राहील

बाळापूर
मंगळवार, ३० सप्टेंबर

चि. हेमचंद्र,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं का? जुईलीची परीक्षा आटोपली असेल. इथे कपाशीची पहिली बोंडं फुटली आहेत. तूर कमरेला लागते.

निरोप मिळाला. शनिवारी तू माणसं आणणार आणि देवळापुढच्या वडावरचं मोहोळ जाळणार. मुलगा म्हणून नानांचं वर्षश्राद्ध तुला करायचं, त्याआधी जागा मोकळी व्हावी म्हणून.

मी जाळू देणार नाही. आधीच कळवते, म्हणजे तुझं पेट्रोल वाचेल.

फोनवर तू विचारलंस, "ताई, साठीला येऊन ख्रिस्ती झालीस का?" शेजारच्या मळ्यातल्या पार्वताबाईंनी तुला त्या परदेशी संतिणीचं सांगितलं असणार. ख्रिस्ती झाले नाही. देवीचा दिवा दोन्ही वेळा मीच लावते. पण ती गोष्ट तू अर्धी ऐकली आहेस. पुरती ऐक.

नानांची दृष्टी गेल्यावर संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवायची. मराठी पुस्तकं संपली तेव्हा कॉलेजातलं एक जुनं पुस्तक काढलं, आयर्लंडच्या संतांच्या आख्यायिकांचं. वाचता वाचता मराठीत सांगायची. त्यात गोबनेट नावाची बाई होती. तिला देवदूताने सांगितलं, चालत राहा, नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथे थांब. एका ठिकाणी तीन दिसली. ती थांबली नाही. पुढे सहा दिसली, तरी थांबली नाही. नऊ दिसली तिथे राहिली आणि तिने मधमाश्या पाळल्या. चोर गावची गुरं हाकून न्यायला आले तेव्हा तिने माश्या सोडल्या. चोर गुरं टाकून पळाले.

नाना म्हणाले, "नऊ ना? मंग बरोबर आहे."

"काय बरोबर?"

"नवरात्र कुठंही नऊच दिवसांचं." आणि पुढे म्हणाले, "आपली देवीही फिरत फिरतच इथं येऊन बसली, तारा. तिले कोणी हरणं दाखवली असतील?"

मी हसले. अमरावतीला तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आख्यायिका म्हणजे काय, हे फळ्यावर चार मुद्द्यांत लिहून देत असे. मानत काहीच नव्हते. नाना गेल्यावर मी आरती म्हणत होते, तीही पाठ होती म्हणून.

मागल्या रविवारी माश्या परत आल्या. त्याच वडावर, त्याच फांदीला. सकाळी फांदी रिकामी होती, दुपारी काळी झाली. मी दिवा हातात घेऊन खाली उभी राहिले. एक गांधीलमाशी पोळ्याजवळ गेली आणि सगळ्या पोळ्यावरून लाट गेली. हजारो माश्यांनी एकीमागून एक पोट वर उचललं आणि खाली घेतलं. गांधीलमाशी वळून गेली. पुन्हा आली, पुन्हा लाट. मी तासभर पाहत होते. वात विझली तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पायरीवर पिवळे ठिपके पडले होते. पार्वताबाई हात जोडून उभ्या.

"हळद पडून राहिली, तारा. देवीची."

"पार्वताबाई, ती माश्यांची शी आहे."

"मंग? देवीच्याच माश्यांची हाय ना."

गोबनेटची गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली.

परवा सकाळी तुरीत नीलगायी, आपले रोही, शिरले होते. मी मोजले. सात. पांढरा एकही नव्हता. तरी मी थांबले, आणि थांबले आहे.

तीन पानं झाली. जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही.

गेल्या कोजागरीला मोहोळावर घार धडकली आणि माश्या उठल्या, असं मी तुला, डॉक्टरला आणि पोलिसांना सांगितलं. घार नव्हती.

संध्याकाळी दुधाला साठ-सत्तर माणसं यायची होती. नाना म्हणाले होते, "राहू दे. पाहुण्याले कोणी धूर देते काय?" दुपारी ते झोपले तेव्हा मी अकोटच्या देवानंदला बोलावून घेतलं. तो मोहोळं काढतो. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे आग्या मोहोळ हाय. दिवसा नाही छेडत याले. अंधार पडू द्या."

मी म्हणाले, अंधार पडला की लोक येतील.

"मंग उद्या करू."

मी म्हणाले, आजच.

"तुमी शिकेल बाई. तुमाले मी काय सांगू," असं म्हणत त्याने गोवऱ्या पेटवल्या.

नाना उठले होते. जपाला येऊन पायरीवर बसले होते. मला माहीत नव्हतं. धुराचा वास त्यांना आला असेल. मी धूप घातला असं वाटलं असेल.

दवाखान्यात दोन दिवस ते शुद्धीवर होते. तुला काही बोलले नाहीत. मलाही त्यांनी विचारलं नाही.

देवानंदला मी गप्प राहायला सांगितलं. तो वर्षभर राहिला. आता शनिवारच्या कामाला तू नेमका त्यालाच फोन केलास. काल तो आला. ओट्यावरही बसला नाही. "वकीलसायबाले काय सांगू, बाई? मी हो बी नाही म्हणलं, नाही बी नाही म्हणलं."

मी म्हणाले, तू काही सांगू नकोस, मी लिहिते.

माश्यांनी नानांचा जीव घेतला, हे वाक्य माझं होतं. मी ते मागे घेते. तू वकील आहेस. तक्रार दे, मी पोलिसांना हेच सांगेन. देवळाची किल्ली माग, देईन. मोहोळ देणार नाही. पायरीला दोर बांधला आहे, कोजागरीचं दूध यंदा पार्वताबाईंच्या अंगणात आहे. माश्या कोणाला डसू नयेत याची काळजी मी घेते. पुढल्या महिन्यात त्या आपणहून उठून जातील. त्यांना जाऊ देणं एवढंच आपल्या हाती आहे.

प्रायश्चित्त म्हणून करते असं समजू नकोस. मी मानते. कोणाला विचारशील तर देवीला, आणि त्या गोबनेटलाही. दोघींचं आपसात भांडण असल्याचं मला तरी दिसलेलं नाही. नानांनाही दिसलं नव्हतं, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं.

पत्र देवानंदच्या हाती पाठवते आहे. त्याला दारात उभं ठेवू नकोस. आधी चहा दे, मग काय ते विचार. झालं तसं सांगेल. त्याचा दोष नाही.

शनिवारी माणसं घेऊन आलास तरी मी वडाखालीच असेन. एकटा आलास तर स्वयंपाक करून ठेवीन.

तुझी सख्खी बहीण,
तारा