दुर्बीण कोणत्या घरी द्यावी

१२ जानेवारी २०१५

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुला बारक्या म्हणायची आता लाज वाटायला हवी. मागच्या फोटोत तू दारात उभा आहेस आणि दार दिसतच नाही. पण जिभेला लागलेली सवय. तुझ्या बायकोला बढती मिळाल्याचं वाचून आनंद झाला. तिच्या हाताखालच्या माणसांची मला काळजी वाटते, असं तिला सांग.

आता कामाचं. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला आडवा येतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

दुर्बीण तयार झाली. नऊ वर्षं लागली. दिसायला कपडे धुण्याच्या यंत्राएवढी आहे, आणि तुझे भावोजी म्हणतात की एवढ्या वर्षांत तिने घरातलं एक कापड धुतलं नाही. तरुण ताऱ्यांचा जो प्रकाश हवेत अडकतो आणि जमिनीपर्यंत पोचतच नाही, तो ही वर जाऊन टिपणार. प्रश्न एवढाच की हिला वर नेणारं रॉकेट कोणाचं. तीन स्थळं सांगून आली आहेत. पहिलं तू ज्याला थोरलं घराणं म्हणतोस ते. एका मोठ्या उपग्रहाच्या कडेला जागा आहे, पण तीन वर्षांनी. दुसरं घन इंधनाचं, पुढच्या वर्षाच्या शेवटी. आणि तिसरं ते नवं, ज्याचा खालचा टप्पा काम झालं की आपणहून परत येऊन उभा राहतो. त्यांच्याकडे येत्या ऑक्टोबरातच जागा आहे.

आमच्या समितीला तिन्हींची तुलना हवी आहे, आणि रॉकेटं पारखण्याच्या धंद्यात तुझ्या शब्दाला वजन आहे. खरं सांगते, मला नवं पसंत आहे. तू असं लिही की समितीलाही तेच पसंत पडेल. बहिणीसाठी एवढं कर.

लोभ आहेच, तो यावेळी कामातही दिसू दे.

तुझी,
ताई


२५ जानेवारी २०१५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटातून छापलेलं पत्र निघालं तेव्हा वाटलं विमा कंपनीचं आहे. तुझ्या हातची फक्त सही, तीही धावत्या गाडीत केल्यासारखी. इतकी कसली घाई?

अहवाल समितीकडे रीतसर पाठवतो आहे. तुला साध्या भाषेत सांगतो. आमच्या कचेरीत खिडकीशी लांब टेबल आहे, त्यावर सगळ्या घराण्यांच्या लाकडी प्रतिकृती मांडल्या आहेत. झाडलोट करणाऱ्या बाई दर सोमवारी त्या पुसतात आणि परत ठेवताना सगळ्यांची सरमिसळ करतात. रॉकेटं विकणारे लोक नेमकं तेच करतात. थोरल्या घराण्याची ऐंशीच्या वर उड्डाणं झाली असं अभिमानाने सांगतात, पण त्यात आजोबा, बाप आणि नातू सगळे एकत्र मोजलेले असतात. आजोबांचं पुण्य नातवाला आपोआप मिळत नाही. नातवाचा वरचा टप्पा वेगळा आहे. म्हणून मी नुसता नातू मोजला. तीसएक उड्डाणं, त्यात एक फसलेलं. आमच्या धंद्यात हे सोनं आहे. शिवाय इंधन द्रवरूप. इंजिन आधी पेटतं, संगणक त्याची नाडी बघतो, आणि काही बिनसलं तर जागच्या जागी विझवतो.

घन इंधनाचं घराणं दणकट. भरून ठेवलं की वाट बघत उभं राहतं, हाक मारली की निघालं. पण एकदा पेटलं की विझवायची सोय नाही, आणि हादरे असे की दात खिळखिळे व्हावेत. तुझा आरसा तीन टेकूंवर चिकटवलेला आहे. तो फुटणार नाही कदाचित, पण तू केसाच्या जाडीहून बारीक जुळवणी केली आहेस ती टिकेल असं मी लिहून देणार नाही.

राहिलं नवं. ते मला आवडतं, हे आधी सांगतो. त्यांचा टप्पा पहिल्यांदा परत येऊन उभा राहिला तेव्हा मी खुर्चीवर चढून टाळ्या वाजवल्या. खुर्ची मोडली, ते सोड. पण परत येतो तो खालचा टप्पा. तुझी दुर्बीण बसणार वरच्या टप्प्यावर, जो परत येत नाही. तो आजवर तीनदा उडाला. एकदा फुटला, एकदा सामान फार खाली सोडून मोकळा झाला, एकदा ठीक गेला. शिवाय ती भागीदारीतली गाडी. सगळ्या प्रवाशांना एकाच थांब्यावर उतरवणार, मग तुझं घर तिथून कितीही लांब असो.

म्हणून मी लिहिलं आहे की थांबा, थोरल्या घरी द्या. आरशाला मनासारखी झिलई येईपर्यंत जिने वर्षभर कोणाचं ऐकलं नाही, तिला आताच तीन वर्षं का जड व्हावीत, हे मात्र मला कळलं नाही.

राग आला तरी लोभ कमी होऊ नये.

तुझा,
बारक्या


२ फेब्रुवारी २०१५

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझा अहवाल वाचला. उत्तम आहे. भावाकडे मागितलं होतं, परीक्षकाकडून मिळालं. तीनात एकदा ठीक गेलं हे तुला दिसलं, दर खेपेला ते सुधारत गेलं हे दिसलं नाही. तुम्ही टेबलावर लाकडी बाहुल्या मांडता आणि धोक्याची भाषा करता. नऊ वर्षं माझी गेली आहेत, तर धोका घ्यायचा की नाही हे मला ठरवू दे.

समितीची बैठक महिनाअखेरीस आहे. तुझे भावोजी बरे आहेत.

ताई


७ फेब्रुवारी २०१५

प्रिय बारक्यास,
स. न. वि. वि.

मी पत्र लिहितो आहे म्हणजे काहीतरी गंभीर असणार, हे तू ओळखलं असशील. एरवी माझं लिखाण म्हणजे गाई-म्हशींची औषधं, आणि ती कोणाला वाचता येत नाहीत.

तुझ्या ताईचा उजवा हात थरथरतो. गेल्या पावसाळ्यापासून. आधी मला म्हणाली की थकवा आहे. जनावरांचा का होईना, मी डॉक्टर आहे, मला थकवा कळतो. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले की जिवाला धोका नाही, पण हळूहळू वाढत जाईल, बारीक काम वर्षभर जमेल, फार तर दीड वर्ष. म्हणून ती पत्रं छापून पाठवते. प्रयोगशाळेत कोणाला सांगितलेलं नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते आणि गारठा आहे म्हणते.

दुर्बीण जमिनीवर जितका काळ राहील तितक्या वेळा ती उघडावी लागेल, तपासावी लागेल, आरसा पुन्हा जुळवावा लागेल. ते तिच्याशिवाय कोणाला येत नाही. वर गेली की हातांचं काम संपलं. म्हणून ऑक्टोबर. तू अहवालातला एखादा शब्द मऊ करू शकशील का, एवढंच विचारतो. करू शकत नसशील तर मी विचारलं हे विसरून जा. तिला मात्र कळू देऊ नकोस की मी लिहिलं.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ असाच ठेव.

तुझा,
भावोजी


१५ फेब्रुवारी २०१५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींनी मला लिहिलं. तुला सांगू नकोस म्हणाले होते, आणि मी सांगतो आहे. त्यांच्यावर रागावू नकोस, माझ्यावर तर तू रागावलेली आहेसच, त्यातच हेही घाल.

काल सगळी दुपार मी अहवाल पुढे घेऊन बसलो. ‘धोका मोठा’ खोडून ‘धोका सुधारत जाणारा’ असं लिहिलं. वाचायला छान वाटलं, खोटंही नव्हतं. बायकोला दाखवलं. तिने विचारलं, की हीच दुर्बीण एखाद्या अनोळखी बाईची असती तर कोणता शब्द लिहिला असतास. मी परत आधीचा शब्द लिहिला.

ताई, तुझ्या हाताचं ऐकून मी काय करावं ते मला कळेना. लहानपणी माझ्या बोटातला काटा तू काढायचीस आणि काढून झाला तरी मला कळायचं नाही. तो हात. म्हणूनच सांगतो, हे घाईत त्या चौथ्या उड्डाणावर टाकू नकोस. ते फुटलं तर दुर्बीणही गेली आणि दुसरी करायला हातही नाहीत. थांबलीस तर निदान वर्षभर आहे. तेवढ्यात दुसऱ्या कोणाला तरी शिकव. तुझी ती शिष्या आहे ना, जिला तुम्ही मुंगी म्हणता?

बैठकीला मी स्वतः येतो. माझ्याविरुद्ध बोलायचं असेल तर खुशाल बोल, मी तुझ्याच शेजारी बसेन.

तुझा,
बारक्या


३० ऑगस्ट २०१५

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

सहा महिने लिहिलं नाही, कारण बैठकीत मी स्वतःच उठून थांबूया म्हणाले, ते तुझ्यामुळे की माझ्यामुळे हे मला ठरवता येत नव्हतं. अजून ठरलेलं नाही. पण त्या दिवशी हात टेबलावर उघडा ठेवून सगळ्यांना सांगितलं, आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

मुंगीला शिकवणं हा एक छळ आहे, तिचा आणि माझाही. मी आरसा जुळवते तेव्हा काय करते हे मलाच माहीत नव्हतं. बोटांना माहीत होतं, तोंडाला नाही. थोडं डावीकडे, म्हटलं की ती विचारते, थोडं म्हणजे किती. मी चिडते. ती पांढऱ्या झग्यात, तोंडाला फडकं बांधून, फक्त डोळे दिसतात, आणि डोळ्यांत पाणी. परवा तिने मला स्पष्ट सांगितलं की बाई, तुम्ही खोलीच्या बाहेर बसा, अडलं तर मी विचारेन. मी बाहेर बसले. दारावरच्या काचेला नाक लावून. तिने तीनदा चुकवलं, चौथ्यांदा जमवलं. वेगळ्याच पद्धतीने जमवलं, त्याचा मला आधी राग आला.

ऑक्टोबरचं ते उड्डाण तू बघणार असशीलच. आपली जागा कोणत्या तरी हवामानाच्या उपग्रहाने घेतली म्हणे.

लोभ होता तिथे परत आला आहे, त्याला बसायला दे.

तुझी,
ताई


२१ ऑक्टोबर २०१५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाहिलंस. सगळ्यांनी पाहिलं. नवं घराणं सरळ रेषेत वर गेलं, सगळे प्रवासी ठरल्या जागी उतरले, खालचा टप्पा परत येऊन आज्ञाधारक मुलासारखा उभा राहिला. कचेरीत टाळ्या झाल्या. मला उठता आलं नाही. माझ्या साहेबांनी पाठीवर थाप मारून विचारलं, की बरं वाटत नाही का.

तुझी दुर्बीण आज वर असती. हे वाक्य लिहायलाच हवं होतं, म्हणून लिहिलं.

तुझा,
बारक्या


२ नोव्हेंबर २०१५

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी हसले, आणि मग तुझ्या भावोजींना वाचून दाखवताना रडले. दोन्ही खरं आहे. उड्डाणाच्या दिवशी मी तुला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या, तेही खरं आहे.

पण आता ऐक. ते फुटलं असतं तर तू शहाणा ठरला असतास का? तेवढाच ठरला असतास, जेवढा आज आहेस. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा सुखरूप पोचला, म्हणून डोळे उघडे ठेवणारा मूर्ख होत नाही. फेब्रुवारीत जे माहीत होतं त्यावरून तू लिहिलंस, आणि मी वाचून ठरवलं. ठरवलं मी. त्यातलं अर्धं श्रेय तू अपराध म्हणून घरी नेऊ नकोस.

वाईट वाटतं, ते वाटू दे. उजव्या हाताने आता बटण लागत नाही. भावोजी लावून देतात आणि दरवेळी म्हणतात की गाय यापेक्षा शांत उभी राहते.

थंडीत दोघं या. लोभ पायी चालत येत नाही, त्याला आणावं लागतं.

तुझी,
ताई


१९ मे २०१८

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू परत गेलास आणि घर मोठं वाटायला लागलं. उड्डाण बघताना तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की तेवढा वेळ तो थरथरला नाही. डॉक्टरांना हा उपाय सुचवणार आहे.

आता तू गेल्यानंतरची हकिगत. दुर्बिणीने पहिलं चित्र पाठवलं ते धूसर. मला फोन येईल म्हणून मी दोन दिवस बाहेर पडले नाही. आंघोळीला जातानाही भावोजींना फोनपाशी बसवत होते. मनात सगळं तयार केलं होतं, आधी काय विचारायचं, कोणता टेकू संशयाचा, खालून आज्ञा पाठवून आरसा कुठल्या दिशेने आणि किती हलवायला सांगायचा.

फोन आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मुंगी स्वतः आली, छापलेलं चित्र घेऊन. ताऱ्यांचा एक पुंजका, प्रत्येक तारा सुईने टोचल्यासारखा. मी विचारलं, कसं केलंस. ती सांगत गेली, हातांनी हवेत दाखवत. मी योजलेलं त्यातलं काहीच तिने केलं नव्हतं. मग विचारलं, की मला का विचारलं नाहीस. ती गोंधळली. म्हणाली की बाई, अडलं नाही.

ती गेल्यावर मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि ते मी लपवलं नाही. मग भूक लागली. जेवताना भावोजींनी चित्र पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं आणि प्रत्येक घासाला विचारत राहिले, की हा कोणता तारा, आणि हा? निम्मे मलाही माहीत नव्हते. आजवर ते कोणी पाहिलेलेच नाहीत.

चित्राची प्रत सोबत पाठवते. तुमच्या तक्त्यात थोरल्या घराण्यापुढे आता आणखी एक यश मांडलं गेलं असेल. ते कितवं हे मला कळवू नकोस. आमचं एकच होतं.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, आणि तिने विचारलेल्या त्या एका प्रश्नाबद्दल माझा नमस्कारही. तुमच्या दोघांचा लोभ उरलेल्या आयुष्याला पुरू दे.

तुझी,
ताई