हिरवं औषध

१२ जून

दोनशे चौदा सह्यांना खरं काय काय लागलं: तीन आठवड्यांच्या सकाळी, चपलांचा एक जोड, नको असताना कापून घेतलेले केस (न्हावी खुर्चीत बसल्याशिवाय सही देत नाही), एकवीस कप फिका चहा, आणि बेकरीवाल्याशी धरलेला वीस वर्षांचा अबोला. तो मलाच मोडावा लागला. सही केल्यावर त्याने पुन्हा धरला!

हे सगळं कशासाठी? समोरच्या गाळ्यात गांजाचं दुकान उघडू नये म्हणून. दुकान नाही म्हणे, ‘औषधालय’! आणि चालवणार कोण? माझ्याच औषधाच्या दुकानात अकरा वर्षं फार्मासिस्ट असलेली मोजमापबाई. हे नाव मीच ठेवलं होतं. थेंबसुद्धा दोनदा मोजायची. आता माझ्याच तोंडासमोर पाटी लावणार.

१४ जून

कान उघडे ठेवून हिंडतो. शिंप्याची बायको आत सासूला म्हणाली, "करून टाका सही, नाहीतर हा तासभर हलायचा नाही." ऐकलं. सही घेतली. आणि तासभर बसलो.

१७ जून

मोजमापबाई आली. गल्ल्याच्या पुढे उभी राहिली. इतकी वर्षं मागे असायची.

"काका, तो सह्यांचा कागद मला पण दाखवा. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते सगळ्या रस्त्यानं वाचलं, मी तेवढी राहिले."

"त्यात वाचण्यासारखं काय? गांजा विकणार ना तू?"

"चिठ्ठीवर देणार. मोजून. शंभर वर्षांपूर्वी हाच अर्क प्रत्येक औषधवाल्याच्या फडताळात असायचा, काका. दुखण्यावर, आकडीवर, झोपेवर. पण जोर सारखा नसायचा. एका बाटलीनं माणूस दिवसभर घोरायचा, दुसरीनं नुसतं तोंड वाकडं. मग गोळ्या आल्या, इंजेक्शनं आली, डॉक्टरांनीच तो सोडला. पुढे कायद्यानं सरसकट बंद केला. आता त्यातलं काय उपयोगाचं ते वेगळं काढता येतं, म्हणून कायद्यानं दार थोडं किलकिलं केलंय."

"कायदा सरडा आहे. मी नाही."

"ते मला माहीत आहे," म्हणाली. कौतुकानं नव्हे.

जाताना आवाज जरा खाली आला. "माझा सगळा प्रॉव्हिडंट फंड त्या गाळ्यात गेलाय, काका."

"गाळा छान आहे," मी म्हटलं. "चपलांचं दुकान टाक."

१८ जून

सरड्याचं आणि चपलांचं, दोन्ही वाक्यं बायकोला सांगितली. हसली नाही.

२३ जून

परवा सुनावणी. या भागात परवाना द्यायचा की नाही ते समिती ठरवणार. मी पहिला बोलणार. आणि नुसता बोलणार नाही, दाखवणार!

गल्ल्यामागची चौकट उतरवली. पायाच्या कुरुपावरचं आमचं हिरवं औषध, त्याच्या मूळ कृतीचा कागद. चौदाव्या वर्षी या दुकानात बाटल्या धुवायला लागलो, एकोणतिसाव्या वर्षी दुकान विकत घेतलं. म्हाताऱ्या मालकानं किल्ल्यांबरोबर हा कागद दिला, त्याच्या वडिलांच्या हातचा, सगळा लॅटिनमध्ये. शुद्ध औषध कसं असतं ते बघा म्हणावं!

बायको म्हणाली, "अहो, कुणी विचारलं तर वाचून दाखवाल का?"

"चौकट दाखवायची असते. वाचायची नसते."

कृती मला तोंडपाठ आहे. मालकानं समोर बसवून शिकवली: आम्ल, चिकट द्राव, हिरवा रंग. कागद कशाला वाचायचा?

२५ जून

लिहवत नाही. पण लिहितो.

आधी एक आई बोलली. मुलाला आकडी येते. औषध आणायला दोन बस बदलून, रजा टाकून जाते. "एकदा बस बंद पडली. बाटली त्याच दिवशी संपली होती," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. म्हटलं, आता सभागृह आपण गरम केलं पाहिजे.

उठलो. चौकट दोन्ही हातांनी वर धरली. "औषध म्हणजे हे! तीन पिढ्यांचं! या घराला नशेचा वारा लागलेला नाही!" टाळ्या पडल्या. न्हाव्यानं शिट्टी मारली.

समितीत औषधशास्त्राच्या कॉलेजातले एक निवृत्त मास्तर होते. चष्मा पुसून म्हणाले, "जरा बघू?" मी अभिमानानं दिली. हो, मीच दिली! बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर थांबले.

"एक्स्ट्रॅक्टम कॅनाबिस," मोठ्यानं म्हणाले. मग मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून: "गांजाचा अर्क. त्या काळी कुरुपाच्या औषधात घालायचेच. बंदी आल्यावर यांच्या मालकांनी साधा रंग घातला असेल. चांगला जपलाय हो कागद!"

सभागृह हसलं म्हणजे काय हसलं! ज्या दोनशे चौदा माणसांच्या सह्या मी दारोदार जाऊन घेतल्या, ती सगळी हसली. फक्त मोजमापबाई हसली नाही. खाली बघत होती. अकरा वर्षं त्या चौकटीखाली उभी होती ती. लॅटिन तिला येतं.

२६ जून

बेकरीवाल्यानं अबोला सोडला. दुकानात येऊन म्हणाला, "कुरुपाचं औषध द्या. जुन्यातलं असेल तर दोन द्या."

३० जून

समितीची शिफारस आली: परवाना द्यावा, पण या भागात एकच. अर्ज मागवलेत.

चार दिवस तोंड लपवून बसलो, पण डोकं बसलं नव्हतं. हसलात ना? हसा! तीन पिढ्या गांजाचं औषध करणारं घर या भागात दुसरं कुठलं? तिच्याकडे काय आहे, रिकामा गाळा! अर्ज केला. चौकटीचा फोटो जोडला. आणि हुकमाचा पत्ता: कुलुपातल्या औषधांची वही. मॉर्फिन आणि तसली, सरकार डोळ्यात तेल घालून बघतं ती औषधं. अकरा वर्षं! एक गोळी इकडची तिकडे नाही. याला म्हणतात माझी शिस्त.

बायको: "परवा तर म्हणत होतात, मी सरडा नाही."



६ जुलै

ती आली. या वेळीही उभीच राहिली.

"काका, अर्ज केलात, करा. पण तो वारसा-बिरसा लिहू नका. कुरुपाच्या औषधात तो अर्क रंगासाठी असायचा. औषध हिरवं दिसावं म्हणून. काम आम्ल करायचं. ते परत वाचतील आणि परत हसतील."

"तुला माहीत होतं चौकटीत काय आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"दर सोमवारी तुम्ही ती स्वतः पुसायचात. कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. कसं सांगू?"

"आणि सुनावणीत? तेव्हा तर तुझ्या फायद्याचं होतं."

"मला परवाना हवाय, काका. तुमचं हसं नकोय."

मला कळतं हे सगळं! गोड बोलून अर्ज मागे घ्यायला लावायचा. माझे कान चाळीस वर्षं गिऱ्हाइकांवर तयार झालेत. म्हटलं, "चल, नीघ. गाळ्याचं भाडं चढतंय तुझं." गेली. दार आपटलं नाही. आपटायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

वारसा तसाच ठेवला.

१९ जुलै

निरीक्षक आला. रंगाचं काही विचारलंच नाही. चौकटीकडे बघितलंसुद्धा नाही. वही मात्र पान-पान बघितली. दीड तास! "अशी वही माझ्या नोकरीत पाहिली नाही," म्हणाला. तपासायला बरोबर घेऊन गेला.

बायकोला म्हटलं, "समोरच्या गाळ्यात खरंच चपलांचं दुकान येणार बघ."

२० जुलै

मोजमापबाई गाळ्याला रंग देत होती. स्वतः, स्टुलावर चढून. मी शटर खाली ओढलं, जरा जोरात.

४ ऑगस्ट

परवाना तिला. कारण एकच दिलंय: कुलुपातल्या औषधांच्या वहीत अकरा वर्षं एकही तफावत नाही. सोबत माझी वही परत आली.

उलटून पाहिली. प्रत्येक ओळीपुढे सही तिची. त्या वहीत सही फार्मासिस्टचीच लागते; तो अधिकार कायद्यानं मला कधीच नव्हता.