गिझरची अर्थिंग

बाबा,

फोन घरीच विसरलात, म्हणून लिहितेय. मेन स्विच मी बंद केलाय. मी येईपर्यंत चालू करू नका. आईला दवाखान्यात नेतेय. सकाळी बाथरूमचा नळ सोडताना तिला शॉक बसला आणि ती पडली. शुद्धीवर आहे, बोलतेय, पण मनगट खूप सुजलंय.

रिक्षा येईपर्यंत मी गिझर उघडून पाहिला. अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही, नुसती दुमडून ठेवलीय. शेजारची वायर सोलवटून गिझरच्या पत्र्याला टेकलीय. रोज लोकांच्या घरांचं वायरिंग तपासत फिरते, आणि आपल्या घरात मात्र ‘बाबांनी केलंय ना’ म्हणून कधी कव्हरही उघडलं नाही.

नळाला हात लावला की आईच्या हाताला आठवडाभर झिणझिण्या येत होत्या. “त्यांना सांगू नकोस गं, जन्मभर वायरमनचं काम केलंय, मनाला लावून घेतील,” असं ती आत्ताही खुर्चीत बसून म्हणतेय. पण बाबा, तुम्ही हल्ली स्क्रू चाचपून लावता, हे मी पाहिलंय आणि गप्प बसलेय.

संध्याकाळी आपण घरातला एकेक बोर्ड उघडू. स्क्रू मी फिरवीन. तुम्ही शेजारी बसा आणि पूर्वीसारखे माझ्यावर ओरडा.

— ताई